तांब्याला ग्राउंड मिळतं ते पॅडच्या नंबरातून : किकॅडमध्ये नव्याने फूटप्रिंट करणाऱ्यांसाठी

किकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोफोनच्या भोकाभोवती तुम्ही काढलेलं तांब्याचं लाल कडं स्क्रीनवर दिसतंय. त्याच्या चहूबाजूंना ग्राउंडचं तांबं पसरलंय, तेही लालच. पण ते कड्याच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे येऊन थांबलंय आणि मध्ये एक काळी गोल फट राहिली आहे. झोन, म्हणजे ते पसरलेलं तांबं, पुन्हा भरून बघितला, फट तशीच. ग्राउंडचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची अरुंद वाट, कड्यापर्यंत ओढत नेला, तर तो कड्याला टेकतच नाही, बाजूने वळसा घालून निघून जातो. मायक्रोफोनच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे बनवणाऱ्याने दिलेल्या माहितीपत्रकात, तर स्पष्ट छापलंय की हे कडं ग्राउंडला जोडा.

स्वतःचं फूटप्रिंट, म्हणजे घटक बोर्डवर जिथे बसतो तिथल्या तांब्याचा आराखडा, पहिल्यांदा करणारी बरीच मंडळी इथे अडकतात. मीही अडकलो होतो, आणि त्या वेळी मी ज्या पद्धतीने सुटका करून घेतली ती इतकी चुकीची होती की पाच बोर्ड वाया गेले. ते पुढे सांगतोच. आधी फट का पडते ते समजून घेऊ, कारण कारण कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

हे सगळं किकॅड ९ समोर ठेवून लिहिलं आहे. ७ आणि ८ मध्येही काम याच रीतीने चालतं, एखाद्या खिडकीतला मजकूर थोडा इकडेतिकडे असेल इतकंच. किकॅड फुकट आहे, त्याचा सोर्स खुला आहे आणि १९९२ पासून ते वाढत आलंय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी चोरीचं सॉफ्टवेअर शोधायची गरजच उरत नाही.

फट का पडते?

विजेच्या दृष्टीने एकच असलेल्या सगळ्या जागांना मिळून जे एक नाव असतं, ते नेट. जीएनडी हे असंच एक नाव. बोर्डवरचा ग्राउंडचा झोन भरताना किकॅड प्रत्येक तांब्याला विचारतं, तुझं नेट कोणतं? उत्तर जीएनडी आलं तर झोन त्याला जाऊन मिळतो. दुसरं काही आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर झोन ठरलेलं अंतर ठेवून लांब राहतो. हे अंतर मुळात ०.५ मिमी असतं. तुमच्या कड्याभोवतीची फट ती हीच.

मग तांब्याला नेट मिळतं कुठून? स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या नकाशात, तुम्ही एक वायर काढता आणि तिच्या टोकाला ग्राउंडचं चिन्ह लावता. ती वायर सिम्बॉलच्या, म्हणजे नकाशातल्या घटकाच्या चित्राच्या, एका पिनला लागते. त्या पिनला एक नंबर असतो. बोर्डवर गेल्यावर किकॅड फूटप्रिंटमध्ये त्याच नंबरचा पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायची तांब्याची जागा, शोधतं आणि पिनचं नेट त्या पॅडला देतं. बस, एवढीच साखळी : वायर, पिन, नंबर, पॅड. या साखळीत साध्या आकृतीला जागाच नाही. फूटप्रिंट एडिटरमध्ये तांब्याच्या लेयरवर तुम्ही वर्तुळ, चौकोन किंवा बहुभुज काढलात तर कारखान्यात तिथे खरंखुरं तांबं उमटेल. पण त्या तांब्याला नंबर नाही, म्हणून नेट नाही, म्हणून झोन त्याच्यापासून दूर राहतो.

तेव्हा फट दिसली की बोर्डवर खटपट करत बसू नका. मागे जा आणि नंबर शोधा. या लेखातलं बाकी सगळं त्या एका शोधाचाच तपशील आहे.

पायरी १ : हे तांबं खरंच ग्राउंड आहे का?

ही पायरी सॉफ्टवेअर उघडण्याआधीची, आणि मी तिच्यावर मुद्दाम जास्त वेळ घालवतोय. आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की चिपच्या पोटाखालचं किंवा पाठीचं मोठं धातूचं पान म्हणजे ग्राउंडच. ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरवर हात बसलेला असतो, आणि ७८०५ चं पान खरोखर ग्राउंडच असतं. पण त्याच घराण्यातल्या ऋण व्होल्टेजच्या ७९०५ मध्ये ते पान इनपुटला जोडलेलं असतं. एलएम३१७ मध्ये आउटपुटला. आणि छोट्या बोर्डांवर हमखास दिसणारा एएमएस१११७, ५ व्होल्टचे ३.३ करणारा, त्याचंही रुंद पान आउटपुटचंच. ते ग्राउंडच्या झोनला जोडलं की ३.३ व्होल्टची लाइन सरळ शॉर्ट झाली. बोर्डला वीज दिल्यादिल्या रेग्युलेटर तापतो आणि मग तासन्तास चूक दुसरीकडे शोधली जाते.

म्हणून डेटाशीटमधला पिनांचा तक्ता उघडा. खालच्या पॅडची ओळ बहुतेक वेळा तक्त्याच्या अगदी शेवटी असते, कधी तळटीपेत. तिथे ग्राउंडला जोडा असं लिहिलंय, की मोकळा ठेवा, की सर्वांत ऋण असलेल्या पुरवठ्याला जोडा, हे शब्दशः वाचा. काही ऑपॅम्पना (सिग्नल वाढवणाऱ्या चिपना) ग्राउंड नावाची पिनच नसते; तिथे पोटाखालचा पॅड ऋण पुरवठ्याला जातो, आणि दुहेरी पुरवठा वापरलात तर तो पुरवठा ग्राउंड नसतो.

किकॅडच्या लायब्ररीने हा विचार फूटप्रिंटच्या नावातच घातलाय. एएमएस१११७ साठी जे एसओटी-२२३ फूटप्रिंट मिळतं, त्याच्या नावाच्या शेवटी टॅबपिन२ असं लिहिलेलं असतं. म्हणजे मधल्या पायाचा नंबर २ आणि रुंद पानाचा नंबरही २. दोन पॅड, एकच नंबर, म्हणून दोघांना एकच नेट. ही युक्ती लक्षात ठेवा, आपल्याला ती लागणार आहे.

पायरी २ : सिम्बॉलमध्ये पिन हवी

आता स्किमॅटिककडे. तुमच्या घटकाच्या सिम्बॉलवर त्या तांब्यासाठी पिन आहे का, ते बघा. सिम्बॉलवर जाऊन ई दाबलंत की त्याची माहिती उघडते आणि तिथून पिनांचा तक्ता बघता येतो. पिनचं नाव आणि पिनचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळणी होते ती नंबरची. नाव जीएनडी ठेवलं म्हणून काही जोडलं जात नाही.

उदाहरण म्हणून ईएसपी३२-रूम-३२ हे मॉड्यूल घ्या. वायफायचं प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांच्या हातात ते हमखास असतं. त्याच्या कडेला ३८ पाय असतात आणि पोटाखाली ३९ वा पॅड. पाय १, १५ आणि ३८ ग्राउंडचे, आणि ३९ वाही ग्राउंडचा. सिम्बॉलमध्ये ३९ नंबरची पिन असेल आणि ती ग्राउंडला लागली असेल, तर फूटप्रिंटमधल्या ३९ नंबरच्या प्रत्येक तुकड्याला जीएनडी मिळेल, मग ते तुकडे नऊ असोत की एक. कोणी इंटरनेटवरून एक सिम्बॉल आणि दुसरीकडून फूटप्रिंट उतरवून घेतलं, आणि सिम्बॉलमध्ये ३८ च पिना असल्या, की पोटाखालचं सगळं तांबं बेवारस राहतं.

पिन नसेल तर सिम्बॉल आपल्या लायब्ररीत कॉपी करून तिथे पिन वाढवा. सोबत आलेल्या मूळ लायब्ररीत बदल साठवता येत नाहीत, म्हणून स्वतःची लायब्ररी पहिल्याच दिवशी करून ठेवावी. पिनचा प्रकार पॉवर इनपुट किंवा पॅसिव्ह ठेवा. पॉवर इनपुट ठेवल्यावर ईआरसीने, म्हणजे स्किमॅटिकच्या तपासणीने, ‘या पिनला वीज कोण देतंय’ अशा अर्थाची तक्रार केली, तर ग्राउंडच्या वायरवर एक पीडब्ल्यूआर_फ्लॅग हे चिन्ह लावा. ती तक्रार फूटप्रिंटशी संबंधित नसते.

कनेक्टरच्या कडेचे पत्र्याचे पाय, ज्यांच्या आधाराने तो बोर्डला घट्ट बसतो, त्यांना किकॅडच्या फूटप्रिंटमध्ये बहुधा एमपी असा नंबर असतो. नंबर अक्षरांचाही चालतो. त्यासाठी माउंटिंगपिन असं शेपूट असलेले वेगळे सिम्बॉल दिलेले आहेत. ते न घेता साधा सिम्बॉल घेतला की एमपीचे पॅड कोरे राहतात. स्क्रूच्या भोकाचंही तसंच : माउंटिंगहोल_पॅड हा सिम्बॉल घ्या, त्याची पिन १ ग्राउंडला लावा, आणि त्याला पॅडवालं फूटप्रिंट द्या.

पायरी ३ : आकृतीचा पॅड करायचा

हे या कामाचं काळीज, म्हणून एक खरं कडं हाताने काढून बघू. तळाला भोक असलेला मेम्स, म्हणजे चिपसारखा बारीक, मायक्रोफोन घ्या. आवाज बोर्डमधल्या भोकातून आत येतो, आणि भोकाभोवतीचं कडं सोल्डरने बंद व्हावं लागतं, नाहीतर बाजूने हवा गळते. म्हणजे हे कडं ग्राउंडही आहे आणि बूचही. धरून चालू की सिम्बॉलमध्ये ग्राउंडची पिन ३ आहे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे आकडे तुमच्या डेटाशीटमधून घ्या : भोक ०.५ मिमी, कड्याचा आतला व्यास १.० मिमी, बाहेरचा १.६ मिमी.

फूटप्रिंट एडिटरमध्ये आधी भोक ठेवा. हा पॅडच, पण प्रकार एनपीटीएच, म्हणजे आतून तांबं न चढवलेलं यांत्रिक भोक. आकार ०.५ मिमी, नंबर रिकामा. इथे नंबर रिकामाच बरोबर.

मग एक छोटा गोल एसएमडी पॅड (भोक नसलेला, बोर्डच्या वरच सोल्डर होणारा) ठेवा, ०.३ मिमी व्यासाचा, भोकाच्या मध्यापासून उजवीकडे ०.६५ मिमीवर. त्याचा नंबर ३. हा झाला नांगर, जहाजाचा असतो तसा : पुढची आकृती याला धरून राहणार. तो कड्याच्या तांब्याच्या बरोबर मधोमध पडतो, कारण आतली त्रिज्या ०.५, बाहेरची ०.८ आणि त्यांच्या मधली ०.६५.

आता तो छोटा पॅड निवडा आणि कंट्रोल+ई दाबा. बाकीचं फूटप्रिंट फिकं पडतं आणि तुम्ही त्या पॅडच्या आत शिरता. वर्तुळाचं साधन घ्या, भोकाच्या मध्यावर केंद्र ठेवून ०.६५ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. मग त्याची माहिती उघडून रेषेची जाडी ०.३ मिमी करा आणि भरणं बंद ठेवा. वर्तुळ भरलेलं राहिलं तर भोकावरच तांब्याची टिकली बसेल. पुन्हा कंट्रोल+ई. कडं आणि नांगर मिळून आता एकच पॅड झाला आणि त्या अख्ख्या पॅडचा नंबर ३. कड्यावर कुठेही क्लिक करा, पॅड ३ निवडला जाईल. ते बघताना फार बरं वाटतं.

दोन गोष्टी इथे बिघडू शकतात. नांगर आणि आकृती एकमेकांना टेकत नसतील, तर सॉफ्टवेअर तक्रार करतं की पॅडचा आकार मिळून एकच बहुभुज व्हायला हवा. मग नांगर सरकवून तांब्यावर आणा. दुसरं, भोक आणि तांबं यांच्यातलं अंतर. आपल्या आकड्यांत ते ०.२५ मिमी उरतं आणि बोर्डच्या नियमांत मुळात असलेली मर्यादाही तेवढीच आहे. डेटाशीटने भोक मोठं सांगितलं, तर बोर्ड बनवणाऱ्याची मर्यादा बघून मगच नियम सैल करा.

आता सोल्डर पेस्ट, म्हणजे घटक ठेवण्याआधी पॅडवर लावायचा सोल्डरचा लगदा. याकडे नवखे लोक बघतच नाहीत. एसएमडी पॅडला तांबं, मास्क (सोल्डर अडवणारा रंगाचा थर कुठे उघडा ठेवायचा ते सांगणारा) आणि पेस्ट असे तिन्ही लेयर मुळातच लागलेले असतात. पेस्ट लावण्याचा स्टेन्सिल म्हणजे स्टीलचा पातळ पत्रा, आणि त्यात पूर्ण बंद कडं कापलं तर मधली चकती कशालाच धरून राहत नाही, गळून पडते. म्हणून कड्याच्या पॅडवरची एफ.पेस्टची खूण काढा, आणि एफ.पेस्ट लेयरवर चार वेगळे कंस काढा, त्यांच्यामध्ये थोडी थोडी जागा सोडून. तापल्यावर सोल्डर वितळून त्या जागा आपोआप भरून निघतात. पेस्टला नेटची गरज नसते, त्यामुळे इथे साधी आकृती अगदी चालते.

चिपच्या पोटाखालच्या मोठ्या चौकोनी पॅडलाही हाच न्याय. सगळीकडे पेस्ट थापली तर चिप त्या थारोळ्यावर तरंगते आणि कडेचे पाय नीट बसत नाहीत. पॅडवरची पेस्ट बंद करून वर खिडकीच्या तावदानांसारखे छोटे चौकोन ठेवतात, साधारण निम्मा ते ऐंशी टक्के भाग झाकणारे. लायब्ररीतली तयार फूटप्रिंटं उघडून बघा, तिथे हे तावदान दिसेल. त्या फक्त पेस्टच्या पॅडना नंबर नसतो. ते पाहून गोंधळू नका, नंबर तांब्याच्या पॅडला असतो.

उष्णता खाली नेणारी भोकं फूटप्रिंटमध्येच घालायची असतील तर ती आरपार पॅड म्हणून ठेवा, साधारण ०.२ ते ०.३ मिमी भोकाची, आणि त्यांना मोठ्या पॅडचाच नंबर द्या. नंबर विसरलात तर ग्राउंडच्या पॅडमध्ये बिननावाची भोकं बसतात आणि डीआरसी, म्हणजे बोर्ड नियमांत बसतो का याची तपासणी, लाल खुणांनी भरून जातो.

बोर्डवर थेट काढलेल्या तांब्याच्या आकृतीला किकॅड ८ पासून नेट देता येतं, हे कोणी सांगितलं असेल तर खरं आहे. बोर्डच्या कोपऱ्यात एखादी पट्टी काढायला ती सोय उत्तम. पण फूटप्रिंटमधल्या तांब्यासाठी पॅडचाच रस्ता धरा. फूटप्रिंट उद्या दुसऱ्या बोर्डवर न्याल तेव्हा पॅडचा नंबर सोबत जातो.

पायरी ४ : बोर्डला कळवा

फूटप्रिंट एडिटरमध्ये साठवलं म्हणून बोर्डवरची प्रत बदलत नाही. बोर्डवर ठेवलेलं फूटप्रिंट ही लायब्ररीतून आणलेली नक्कल असते. टूल्स मेनूतून फूटप्रिंटं लायब्ररीवरून ताजी करा, आणि सिम्बॉलमध्ये पिन वाढवली असेल तर एफ८ दाबून स्किमॅटिकवरून बोर्ड ताजा करा. मग कड्यावर झूम करा. पॅडवर ३ हा नंबर आणि त्याच्याजवळ जीएनडी दिसायला हवं. दिसलं की काम बहुतेक झालं.

बोर्डवरच्या पॅडची माहिती उघडून नेटच्या रकान्यात हातानेही जीएनडी लिहिता येतं, आणि घाईत तो मोह होतो. पण स्किमॅटिकमध्ये त्या नंबरची पिन नसेल तर पुढच्या एफ८ ला ते नाव पुसलं जातं. तुम्हाला ते लक्षातही येत नाही, कारण तुम्ही तेव्हा भलताच रेझिस्टर बदलत असता.

पायरी ५ : झोन, आणि बी

कंट्रोल+शिफ्ट+झेड दाबून झोन सुरू करा, नेट जीएनडी निवडा, वरचा आणि खालचा असे दोन्ही लेयर निवडा आणि बोर्डच्या कडेने चौकट काढा. मग बी दाबा. पॅड हलवला, नेट बदललं, फूटप्रिंट ताजं केलं, प्रत्येक वेळी बी. न भरलेला झोन जुनंच चित्र दाखवत राहतो आणि आपण दुरुस्त झालेली चूक शोधत बसतो.

झोन पॅडला दोन तऱ्हांनी मिळतो. एक सलग, म्हणजे पॅड झोनमध्ये पूर्ण बुडालेला. दुसरी थर्मल रिलीफ : पॅडभोवती फट आणि झोनशी जोडणारे चार अरुंद दांडे. मुळात फट ०.५ मिमी आणि दांडा ०.५ मिमी. हाताने सोल्डर करणाऱ्याला दांड्यांची किंमत लगेच कळते. सलग जोडलेल्या ग्राउंडच्या पायावर सोल्डरिंग आयर्न टेकवला की सगळी उष्णता बोर्डभर पसरते, सोल्डर गोळा होऊन पायावर बसतो पण पॅडला धरत नाही. तो सांधा वरून चकचकीत दिसतो आणि महिन्याभराने सुटतो. म्हणून हेडर पिनांसारख्या आरपार पायांना थर्मल रिलीफ ठेवा. पोटाखालचे उष्णतेचे पॅड आणि आपलं हे कडं मात्र सलग जोडा. ते हॉट एअरने किंवा भट्टीत बसतात, तिथे सगळा बोर्डच तापलेला असतो. झोनचं म्हणणं एक आणि पॅडचं वेगळं असं करता येतं : पॅडची माहिती उघडून झोनशी जोडणी सलग अशी निवडा, ती फक्त त्या पॅडपुरती लागू होते. फूटप्रिंट एडिटरमध्येच निवडलीत तर कायमची सोय.

कधी कधी पॅडला जीएनडी आहे, बी दाबलंय, तरी दांडे उगवत नाहीत. आजूबाजूला ट्रॅकची इतकी दाटी असते की दांड्याला जागाच मिळत नाही. दोनपेक्षा कमी दांडे जोडले गेले की डीआरसी तसं सांगतो. ट्रॅक सरकवा, किंवा पॅडमधून एक छोटा ट्रॅक काढून त्याच्या टोकाला व्हाया, म्हणजे दोन लेयर जोडणारं आतून तांबं चढवलेलं भोक, टाका आणि खालच्या लेयरवरच्या ग्राउंडला उतरा.

घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड करणाऱ्यांनी मात्र खालच्या लेयरचा भरवसा धरू नये. तिथे व्हायात तांबं चढत नाही, प्रत्येक भोकातून तारेचा तुकडा घालून दोन्हीकडे सोल्डर करावा लागतो, आणि चिपच्या पोटाखाली तो तुकडा चिपला उचलून धरतो.

डीआरसी, आणि माझे पाच बोर्ड

आता डीआरसी चालवा. क्लिअरन्स, शॉर्ट, न जोडलेले घटक, अशा तक्रारी येतात. प्रत्येक ओळीवर क्लिक केलं की बोर्डवर ती जागा समोर येते. न जोडलेल्यांची यादी शून्यावर आली पाहिजे.

माझा पहिला मायक्रोफोनचा बोर्ड होता तेव्हा मी कडं साधी आकृती म्हणून काढलं होतं. डीआरसीने ट्रॅक आणि कडं यांच्यातल्या अंतराची तक्रार केली. मी मनाशी म्हटलं, दोन्ही ग्राउंडच आहेत, याला काय कळतंय, आणि ती ओळ वगळलेल्यांच्या यादीत टाकली. नंतर झोन भरला, त्याने कड्याभोवती फट ठेवली, ती माझ्या नजरेतून सुटली. बोर्ड आले. त्या मायक्रोफोनला कड्याशिवाय ग्राउंडची दुसरी पिनच नव्हती. मी ब्लेडने फटीपलीकडचा मास्क खरवडला, पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेल्या बारीक वायरचा एक तंतू कड्यावरून झोनपर्यंत सोल्डर केला आणि वर मायक्रोफोन ठेवला. तंतूच्या जाडीने तो एका बाजूला कलला. कडं एका बाजूने बंद झालं, दुसऱ्या बाजूने उघडं राहिलं. आवाज आला, पण पोकळ, डब्यातून आल्यासारखा. पाचही बोर्डांवर हाच प्रकार.

तेव्हापासून डीआरसीची कोणतीही ओळ वगळण्याआधी मी त्या तांब्यावर क्लिक करून त्याचं नेट वाचतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तुम्हीही सवय लावून घ्या.

एकच तांबं, दोन नेट

एका ठिकाणी वरची सगळी पद्धत लागू पडत नाही. बोर्डवरच तांब्याने काढलेला उलट्या एफच्या आकाराचा अँटेना घ्या. त्याचा एक पाय रेडिओकडून येतो आणि दुसरा ग्राउंडला जातो, आणि मधलं तांबं सलग आहे. मल्टीमीटरने मोजलं तर रेडिओची लाइन ग्राउंडला शॉर्टच दिसेल आणि ते तसंच असायला हवं. पॅडला एकच नेट मिळू शकतं, म्हणून अख्खा अँटेना एक पॅड करून भागत नाही.

इथे दोन छोटे पॅड करा, १ रेडिओसाठी आणि २ ग्राउंडसाठी, आणि मधला अँटेना तांब्याच्या लेयरवरची साधी आकृती म्हणून राहू द्या. मग फूटप्रिंटची माहिती उघडा, क्लिअरन्सच्या पानावर नेट टायचा तक्ता आहे, त्यात एक गट जोडून १,२ असं लिहा. किकॅड ७ पासून ही सोय आहे. त्याने डीआरसीला कळतं की हे दोन पॅड या फूटप्रिंटमध्ये मुद्दाम एकत्र आणलेत. अॅनालॉग ग्राउंड आणि डिजिटल ग्राउंड एकाच ठरावीक जागी भेटवायचे असतील तर हीच कल्पना वापरतात, त्यासाठी नेटटाय नावाचे सिम्बॉल आणि फूटप्रिंटं तयार मिळतात. अँटेनाच्या खाली आणि भोवती ग्राउंडचा झोन शिरू नये म्हणून फूटप्रिंटमध्येच मनाईचं क्षेत्र आखून ठेवा, आणि त्याचा आकार रेडिओ चिप बनवणाऱ्याच्या नमुना डिझाइनवरून घ्या. इथे अंदाजाने काम करू नका.

फाइल पाठवण्याआधी आणि बोर्ड आल्यावर

कारखान्याला पाठवायच्या गर्बर फाइली काढल्या की त्या किकॅडच्याच गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडा. इथे नेट नाही, नंबर नाही, फक्त तांबं दिसतं, कारखान्याला जे दिसतं तेच. कड्याभोवती काळं वर्तुळ आहे का बघा. मास्कचा लेयर वर ठेवून कडं उघडं आहे का बघा. पेस्टच्या लेयरवर चार कंस सुटे दिसतात का बघा. मग तांब्याचा लेयर कागदावर एकास एक छापा आणि घटक त्यावर ठेवा. मायक्रोफोनचं भोक कागदावरच्या भोकावर येतं का, हे तळाकडून उजेडात धरलं की कळतं. फूटप्रिंट आरशातल्यासारखं उलटं झालं असेल तर ते इथेच पकडलं जातं, कारण डेटाशीटमधलं चित्र खालून बघितलेलं होतं की वरून, हे वाचायचं अनेकदा राहून जातं.

बोर्ड हातात आले की काहीही सोल्डर करण्याआधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक स्क्रूच्या भोकाच्या तांब्यावर, दुसरं कड्यावर : बीप वाजला पाहिजे. मग दुसरं टोक पोटाखालच्या पॅडवर, कनेक्टरच्या पत्र्याच्या पायांवर, एकेक करून. शेवटी ३.३ व्होल्टच्या लाइनवर टेकवा. तिथे बीप वाजला, तर बोर्ड बाजूला ठेवा आणि रेग्युलेटरच्या रुंद पानाचा नंबर तपासा.